गल्लीचा उतार आणि एक घोट ऑइल

आमच्या गल्लीला उतार नाही, असं मी नऊ वर्षांपूर्वी लेखी दिलेलं आहे.

गाडीच्या ऑइलची गोष्ट सांगायची तर सुरुवात इथूनच करावी लागते, त्याला माझा इलाज नाही. मी मोजणी खात्यातला माणूस. चौतीस वर्षं हिंगोली जिल्ह्यातल्या शेतांचे बांध मोजले. दोन्हीकडे भाऊ-भाऊ काठ्या घेऊन उभे असायचे आणि मी मधून साखळी ओढत जायचो. (नंतर साखळी गेली, यंत्रं आली, काठ्या मात्र त्याच राहिल्या.) त्यामुळे माप या विषयात मला कोणी शिकवावं, असं मला कधी वाटलं नाही. आजही वाटत नाही. फक्त आता मी ते मोठ्यानं बोलत नाही.

आमच्या घराच्या खालच्या अंगाला गुणवंतराव राहतात. (‘खालच्या’ हा शब्द मी नऊ वर्षं कटाक्षानं टाळला होता.) एसटीच्या डेपोत इंजिनं उघडण्यात आणि लावण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. नऊ वर्षांपूर्वी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, तुमच्या मोरीचं पाणी आमच्या पायरीशी येऊन साचतं, नाली काढा. मी बाहेर आलो. गल्लीवर एक अधिकारी नजर टाकली आणि सांगितलं, गल्ली लेव्हलमध्ये आहे. ते म्हणाले, लिहून द्या. मी लिहून दिलं: ‘सदर गल्ली समतल आहे. पाणी आपल्या मर्जीने जाते.’ खाली सही. यंत्र लावून बघावं, असं तेव्हा मनात आलं नाही असं नाही. पण यंत्र लावलं असतं तर ते खरं बोललं असतं.

गुणवंतरावांनी कागद वाचला, घडी घातली आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद केलं. मीही केलं. दोन्ही घरं सुखी होती.

आता गाडी. ती मला नको होती, माझ्या बायकोला हवी होती. सुनंदा साखऱ्याच्या शाळेवर शिक्षिका आहे. तीस वर्षं तिनं पहाटे उठून दोन डबे भरले आणि पहिली बस धरली. बस आली नाही तर जीप, जीप नाही तर कुणाच्या तरी मोटारसायकलवर. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना तिनं एक दिवस जाहीर केलं की ती दोन वर्षं मी स्वतःच्या गाडीनं जाणार आहे. आणि छपन्नाव्या वर्षी ती ड्रायव्हिंग शिकली. माझ्या परवानगीची गरज पडली नाही. मी दिली होती, पण तोवर तिचा लायसन्सचा फोटोही काढून झाला होता.

गाडी मिळाली डोंगरकड्याला. राठोड गुरुजी म्हणून निवृत्त मुख्याध्यापक, त्यांची. दहा वर्षं वापरलेली, पण पोटच्या लेकरासारखी सांभाळलेली. मागच्या सीटवर तेवढा हळदीचा पिवळा डाग होता, कारण गुरुजी तिच्यातूनच हळदीची पोती हिंगोलीच्या बाजारात आणत. त्यांचं अंगण खळ्यासारखं सपाट. तिथं त्यांनी बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी उपसली, पुसली, पुन्हा बुडवून माझ्यापुढं धरली. पट्टीवर दोन खुणा, एक खालची, एक वरची. ऑइल बरोबर वरच्या खुणेवर.

“साहेब, जुनी गाडी घेताना एकच बघावं, ऑइल पिती का,” गुरुजी म्हणाले. “एक महिना चालवा. दर आठवड्याला पट्टी बघा. घोटभर जरी पिली, तर मी गाडी वापस नेतो. राठोड गुरुजीचा शब्द हाय.”

मी म्हणालो, मोजायचं काम माझ्यावर सोडा.

दुसऱ्याच दिवशी मी एक रजिस्टर आणलं. तारीख, वेळ, हवामान, ऑइलची पातळी, शेरा, सही असे रकाने आखले. पहिल्या रविवारी सकाळी इंजिन थंड असताना, चष्मा लावून, नवं फडकं घेऊन मी बाहेर आलो. गाडी रस्त्याकडून गल्लीत वर शिरली होती, तशीच नाक पुढं करून दारात उभी. खाली ओट्यावर गुणवंतराव पेपर वाचत बसलेले. मी पट्टी उपसली, पुसली, बुडवली, काढली. ऑइल दोन खुणांच्या मधोमध!

तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा तेच. आठवड्यात निम्मं ऑइल गायब. गाडीखाली पोतं अंथरून मी आडवा झालो, पण कुठं थेंब गळालेला दिसेना. म्हणजे ती पीतच होती. बाजारातून डबा आणला, दुधाचं अर्ध्या लिटरचं माप घरातून घेतलं (सुनंदानं ते पुन्हा घरात घेतलं नाही) आणि माप भरून ओतलं. पट्टी वरच्या खुणेवर आली. शेरा लिहिला: ‘गाडी पिते.’ ओट्यावरचा पेपर किंचित हलला. मला वाटलं, वाऱ्यानं.

त्या आठवड्यात सुनंदा रिव्हर्स शिकली. शिकली म्हणजे आत्मविश्वासानं करू लागली. शनिवारी शाळेतून येताना तिनं गाडी अख्खी गल्ली उलटी चढवली आणि नाक रस्त्याकडे ठेवून दारात लावली. मी कौतुक केलं आणि रविवारी सकाळी पट्टी उपसली. ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर!

आता सांगा. चौतीस वर्षांत मी शेतं कमी भरलेली पाहिली, पण मोजता मोजता वाढलेलं शेत पाहिलं नव्हतं. मी रजिस्टरात लिहिलं: ‘गाडीने ऑइल परत केले.’ लिहिताना मलाही ते बरं वाटलं नाही, पण जे दिसतं ते लिहायचं, ही आमच्या खात्याची शिस्त.

जास्तीचं ऑइल इंजिनाला वाईट, एवढं मी ऐकून होतो. तेव्हा ते काढणं आलं. गुणवंतराव वीस पावलांवर बसलेले होते आणि हे काम ते डोळे मिटून करू शकले असते. पण समतल गल्लीतला माणूस दुसऱ्याच्या पायरीवर मदतीला जात नाही. मी औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणली, पट्टीच्या भोकातून आत सोडली आणि दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. काही येईना. जोर लावला. तरी येईना. मग सगळा जीव गोळा करून ओढलं आणि ते एकदम आलं. एक घोट सरळ घशाखाली गेला.

पुढची पाच मिनिटं मी काय करत होतो ते मला सांगता यायचं नाही. गल्लीतली कुत्री उठून लांब जाऊन बसली, एवढं आठवतं. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा गुणवंतरावांनी पेपर पूर्ण खाली ठेवलेला दिसला. तरीही मी काम अर्धवट सोडलं नाही. अर्ध्या लिटरचं माप भरलं, वर एक स्टीलचा पेला भरला, तेव्हा कुठं पट्टी बरोबर खुणेवर आली. पेला मी जिन्याखाली दडवला, कारण तो आहेरातला होता. त्या दिवशी वरणालाही ऑइलचीच चव लागली. घोटाची नोंद मात्र मी रजिस्टरात केली नाही, त्याला रकाना नव्हता.

तिसऱ्या रविवारी गाडी पुन्हा नाक वर करून उभी होती. पट्टीचं टोक कोरडं. खालच्या खुणेपर्यंतही ऑइल नाही! या वेळी मी थेंबही ओतला नाही, पुरावा होता तो. मी तिथल्या तिथं डोंगरकड्याला फोन लावला आणि गुरुजींना सांगितलं की वाहन अनियमितपणे ऑइल प्राशन करतं, नोंदी हजर आहेत. मग ते म्हणाले, पुढच्या रविवारी येतो.

सुनंदा दारात उभी राहून ऐकत होती. तिनं सांगून बघितलं की गाडी धूर टाकत नाही, आवाज करत नाही, सेनगावच्या पुढच्या खड्ड्यांतूनही कुरकुर न करता जाते. मी रजिस्टर पुढं केलं. तिनं ते बघितलंही नाही.

“तुमी मोजून राहिले, मी चालवून राहिले,” ती म्हणाली. “तीस वर्षांनी पहिल्यांदा मी बसून शाळेत जाऊन राहिले. आता पुन्हा स्टँडवर उभं राहायचं का मी?”

मला खरंच वाईट वाटलं. पण माप ते माप.

चौथ्या रविवारी गुरुजी बसनं आले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. चहासुद्धा न घेता त्यांनी बॉनेट उघडलं, पट्टी उपसली आणि कोरडं टोक बघितलं. त्यांचा चेहरा उतरला तो मला बघवला नाही. “दहा वर्षांत असं कधी केलं न्हाई हिनं,” एवढंच बोलले आणि सुनंदाकडे चावी मागितली. सुनंदानं चावी मुठीत घट्ट धरून आधी पाण्याचा तांब्या दिला. गुरुजी प्यायले आणि आपण सगळेच करतो तसं, उरलेलं पाणी त्यांनी दारात ओतून दिलं.

पाणी निघालं. गाडीच्या पुढच्या चाकाशी जरा थबकलं, मग मागच्या चाकाला वळसा घालून सरळ रेषेत, कुणाचीही भीड न ठेवता खाली गेलं आणि गुणवंतरावांच्या पायरीशी जाऊन थांबलं. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो. चौथे गुणवंतराव आपल्या ओट्यावरून बघत होते.

“साहेब,” गुरुजी हळूच म्हणाले, “इथं तर उतार हाय. उतारावर पट्टी खोटंच सांगनार ना. ऑइल एका अंगाला जाऊन राहिलं.”

आणि तेव्हा गुणवंतराव उठले. नऊ वर्षांनी त्यांचा आवाज ऐकला, जरा घोगरा झाला होता. “न्हाई गुरुजी. उतार न्हाई इथं. साहेबांनी लेखी दिलंय.” ते आत गेले आणि माझा कागद घेऊन आले. त्यांनी त्याला लॅमिनेशन करून घेतलं होतं!

गुरुजी मास्तर माणूस. सही-शिक्क्याला मान देणारे. (शिक्का नव्हता, पण सही तेवढी मोठी होती.) त्यांनी कागद दोनदा वाचला, मान हलवली आणि म्हणाले की खात्याच्या माणसानं समतल लिहिलंय म्हणजे समतलच असेल, मग दोष गाडीचाच. त्यांनी पुन्हा हात पुढं केला. सुनंदाची मूठ उघडेना. ती माझ्याकडे बघत होती. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण इतका वेळ सलग तिनं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

“उतार आहे,” मी म्हणालो.

“किती?” गुणवंतराव.

“थोडा.”

“मोजणीवाले ना तुमी? किती?”

“चांगला वीतभर,” मी म्हणालो, आणि आश्चर्य म्हणजे आभाळ होतं तिथंच राहिलं.

मग गुणवंतरावांनी सूत्रं हाती घेतली. गल्लीत सपाट जागा एकच, त्यांच्या पायरीसमोरची. म्हणून तर पाणी तिथं साचायचं. सुनंदानं गाडी तिथं नेऊन लावली. ऑइल खाली बसेपर्यंत आम्ही थांबलो, चहा झाला. मग त्यांनी पट्टी बघितली आणि माझं रजिस्टर मागवून विचारलं, किती ओतलं, किती काढलं. एक माप ओतलं, एक माप आणि एक पेला काढला. “म्हंजे पेलाभर कमी भरायला पायजे, अन् तेवढंच कमी हाय. पेला कुठंय?” जिन्याखालून पेला आणावा लागला. सुनंदा तो दोन आठवडे शोधत होती. पेला ओतला, पट्टी पुन्हा काढली.

ऑइल वरच्या खुणेला लागत होतं. जवळजवळ. केसभर खाली.

मी म्हणालो, जमलं. पण गुरुजींनी चष्मा काढून पट्टी डोळ्यांशी नेली. “घोटभर कमी हाय,” ते म्हणाले. “अन् मी घोटभरच म्हनलो व्हतो. शब्द म्हंजे शब्द. ताई, चावी द्या.”

त्यांची समजूत घालता घालता आम्ही थकलो. हवेत उडालं असेल, फडक्याला लागलं असेल, सगळं सांगून झालं. माणूस ऐकेना. पिशवी खांद्याला लावून तो गाडीचं दार उघडायला निघाला. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. गुणवंतराव मात्र माझ्याकडे बघत होते, अगदी शांतपणे, हाताची घडी घालून. त्यांना सगळं माहीत होतं आणि घाई अजिबात नव्हती.

“तो घोट,” मी म्हणालो, “माझ्याकडे आहे.”

“साक्षीदार मी हाय,” गुणवंतराव म्हणाले. “नळी लावून पिले. म्या बघितलं.”

गुरुजी इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. सुनंदा हसली नाही, पण मूठ तिनं आपल्याकडे ओढून घेतली आणि संध्याकाळी गुरुजींना त्याच गाडीनं थेट डोंगरकड्याला सोडून आली. येताना गाडी उलटी चढवली.

नाली मी पुढच्याच आठवड्यात काढून घेतली. दर रविवारी गाडी गुणवंतरावांच्या पायरीसमोर उभी असते, पट्टी ते बघतात, मी फडकं धरतो. जुना कागद त्यांनी मला परत दिला, पण त्याआधी नवा लिहून घेतला. मजकूर त्यांनीच सांगितला. लॅमिनेशन करून त्यांच्या दारावर लावलेला आहे, येता-जाता कुणालाही वाचता येतो: ‘सदर गल्लीस उतार आहे. सदर गाडी ऑइल पीत नाही. खाली सही करणारा पितो.’