सूज उतरल्यावरचा आवाज

ग्वाल्हेरमध्ये माझा चेहरा फारसा कुणी ओळखत नाही, आवाज ओळखतात. ओळखत असत, असं म्हणायला हवं. मी सूत्रसंचालन करते. लग्नातले संगीताचे कार्यक्रम, शाळांची स्नेहसंमेलनं, दुकानांची उद्घाटनं आणि रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरणाऱ्या जाहिराती. नई सडकेवरच्या एका मोठ्या साडीच्या दुकानाची जाहिरात वर्षानुवर्षं माझ्याच आवाजात वाजते आहे. भारी, जरा घोगरा आवाज. लोक म्हणायचे, असा गळा देव एखादीलाच देतो. देवाचा त्यात काही हात नव्हता. कॉलेजात असल्यापासून मी सिगारेट ओढत होते, आणि लपूनछपून नाही. लोक बोलत राहिले, मी ओढत राहिले. लोकांच्या सांगण्यावरून मी सोडलीही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या सोडण्याचं श्रेय घेणारे आता नात्यात पुष्कळ झालेत.

सोडली ती रागाने. एका शाळेच्या बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून देत होते. लांबलचक हुद्दा, मग नाव. हुद्दा संपला आणि माझा श्वासही संपला. तोंड उघडं, माईक समोर, आणि आवाज नाही. मुख्याध्यापिकेला वाटलं, मी नाव विसरले. तिने बाजूने हळूच सांगितलं. पहिल्या रांगेतली मुलं हसली. मला नाव आठवत होतं. हवा नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर सवयीने स्टेजच्या मागे जाऊन एक पेटवली. दोन झुरके घेतले आणि स्वतःचाच असा संताप आला! मी श्वासावर पोट भरणारी बाई, आणि तोच जाळत बसले होते. ती तिथेच चिरडली. पाकीट समोरच्या गटारात फेकलं आणि रिक्षा करून किला गेटला घरी आले. नवऱ्याला म्हटलं, "सोडली." तो म्हणाला, "बरं." यापूर्वीही त्याने हे ऐकलं होतं.

सोडली की दुसऱ्या दिवसापासून फुलं उमलतात असं कुणाला वाटत असेल, तर तसं होत नाही. झोप उडाली. पोट रुसलं. फोडणीचा धूर दिसला तरी हात पर्समध्ये जायचा. एकदा नवऱ्याने वर्तमानपत्राचं पान जरा जोरात उलटलं म्हणून मी त्याच्यावर ओरडले. तो पेपर घेऊन निमूट गच्चीवर गेला. आणि मग, ओढत असताना कधी आला नव्हता असा खोकला सुरू झाला. सकाळी बेसिनपाशी उभी राहून काळपट बेडके काढत होते. आवाज फाटला. एका वाक्यात तीन तीन वेळा चिरकायचा.

नणंद आली होती. ती म्हणाली, "सोडून काय मिळालं, वहिनी? पहिले तर बऱ्या होत्या. आता नुसत्या खोकून राहिल्यात. शरीराला सवय असते, एकदम नाही तोडायची."

"मग काय करू? परत सुरू करू?"

"एखादी घेत जा ना, दवाईसारखी."

हीच नणंद वीस वर्षं मला सिगारेटवरून ऐकवत आली होती. मी म्हटलं, "खोकेन, पण घेणार नाही. तुम्हाला आवाजाचा त्रास होत असेल तर आतल्या खोलीत बसा." ती रुसली. रुसू दे.

तरी मनात धाकधूक होतीच. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नळी घालून घसा पाहिला, छाती तपासली, फुंकर मारायची चाचणी करून घेतली. मग म्हणाले, "खोकला येतोय ते चांगलंच आहे. श्वासनलिकेत बारीक केसांसारखे तंतू असतात, कचरा वर ढकलणारे. धुराने ते निपचित पडले होते. आता उठून कामाला लागलेत. बरेच दिवस बंद असलेलं घर झाडायला घेतलं की धूळ उडणारच."

"आणि आवाज?"

"स्वरयंत्रावर सूज आहे, वर्षानुवर्षांची. उतरतेय. जसजशी उतरेल तसतसा आवाज वर चढेल. थोडा पातळ होईल."

"म्हणजे माझा मूळचा आवाज..."

"मूळचा तो आता येईल, ताई. आत्तापर्यंत होता तो सुजेचा."

घरी येताना रिक्षात ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. ज्याला सगळं शहर माझा आवाज म्हणत होतं, ज्याचे मी पैसे घेत होते, ज्याच्या प्रेमात पडून एका माणसाने माझ्याशी लग्न केलं होतं, ती सूज होती.

हळूहळू एकेक गोष्ट परत यायला लागली. आधी जीभ. एक दिवस मी केलेली आमटी मलाच खाववेना, डोळ्यांतून पाणी आलं. नवऱ्याला विचारलं, "एवढं तिखट तू कसा खात होतास?" तो म्हणाला, "तू करत होतीस म्हणून." मग नाक. कपाटातल्या रेशमी साड्यांना माझ्याच धुराचा कुबट वास मारत होता. सगळ्या उन्हात टाकल्या, तरी दोन-तीन देऊन टाकाव्या लागल्या. सकाळी गल्लीच्या तोंडाशी हलवायाने बेडई, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, तळायला घेतल्या की घरात बसून कळायचं, हिंग आज जास्त पडलाय. खोकला कमी होत होत कधी थांबला ते समजलंही नाही. तीन जिने चढून वर आले आणि दार उघडता उघडता फोनवर बोलत होते, तेव्हा पलीकडून मैत्रीण म्हणाली, "अगं, तू घरी पोहोचलीस पण? धापा कुठे आहेत?"

पण आवाज बदलला तो बदललाच. दिवाळीआधी साडीच्या दुकानाचं नवं रेकॉर्डिंग होतं. मी वाचलं. पूर्ण परिच्छेद, मध्ये कुठेही न अडखळता. इतकं सलग मी आयुष्यात वाचलं नव्हतं. दुकानाचे मालक मान हलवत बसले होते.

"मॅडम, वो बात नहीं आई. आपकी वो वाली भारी आवाज़ चाहिए."

"वो अब नहीं है, भाईसाहब. सिगरेट छोड़ दी."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात, अगदी आपुलकीने म्हणाले, "तो रिकॉर्डिंग से पहले एक-दो पी लो ना. किसको पता चलेगा?"

क्षणभर वाटलं, हसावं. मग कान तापले. मी म्हटलं, "भाईसाहब, आपकी साड़ी बेचने के लिए मैं अपने फेफड़े नहीं जलाऊँगी. यही आवाज़ है. लेनी हो तो लो."

त्यांनी घेतली नाही. जुनंच रेकॉर्डिंग लावलं. त्या दिवाळीत मी खासगी बाजार नावाच्या पेठेतून पणत्या घेऊन येत होते तर मागून भोंगा लावलेली रिक्षा आली. जुनी मी ओरडत होते, "आइए, आइए, पूरे परिवार के साथ आइए!" प्रत्येक 'आइए'च्या आधी एक घरघर होती. आजवर मला ती कधी ऐकू आली नव्हती. रिक्षा पुढे जाईपर्यंत मी तिथेच उभी राहिले. वाईट वाटलं नाही असं नाही. तेवढ्यात एक बाई शेजारणीला म्हणाली, "क्या आवाज़ है ना इसकी." मी पणत्यांची पिशवी सावरली आणि चालू लागले.

कामं कमी झाली. दोन संगीतवाल्यांनी दुसरी बाई धरली. एकाने तर फोनवर मला माझी मुलगी समजून "मम्मी को दीजिए" म्हटलं. मी म्हटलं, "मम्मी ही बोल रही हूँ, तारीख बताइए." त्याने तारीख दिली. त्या कार्यक्रमात मी चार तास उभी होते आणि शेवटच्या नावापर्यंत श्वास पुरला.

डॉक्टरांनी पुन्हा फुंकर मारायला लावली तेव्हा आकडा आधीपेक्षा चांगला होता. तरी ते म्हणाले, "सगळं भरून येणार नाही हं. काही नुकसान कायमचं असतं." मी म्हटलं, "असू दे. उरलंय त्यावर काम करीन."

नवऱ्याशी मात्र एकदा बोलावंच लागलं. जेवताना मी सरळ विचारलं, "तुला तो आवाज आवडायचा. आता?"

तो जरा वेळ भात कालवत राहिला. "आठवण येते," म्हणाला. "खोटं कशाला बोलू."

"परत येणार नाही तो."

"माहीत आहे. पण हे बघ, त्या आवाजाच्या बाईला मी कधी पोटभर हसताना ऐकलं नाही. हसायला लागली की खोकायचीच."

मग, बहुधा वातावरण हलकं करायला, त्याने ऑफिसातला एक किस्सा काढला. साहेब बैठकीत चष्मा शोधत होते, तो त्यांच्याच डोक्यावर होता, आणि सांगायची कुणाची हिंमत होत नव्हती. किस्सा काही फार विनोदी नव्हता. पण मला हसू आलं, आणि ते मध्ये कुठे तुटलं नाही. मी हसतच राहिले, पोट दुखेपर्यंत. तो आधी हसला, मग जेवण थांबवून माझ्याकडे बघत बसला.