मामाची शिट्टी

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, चार देशांच्या फौजांना एकत्र चालायला ज्याने शिकवलं तो माणूस पोलादपूर तालुक्यातला होता, आणि तो माझा सख्खा मामा होता. इतिहासात याची नोंद नसेल तर तो इतिहासाचा गलथानपणा.

मामा फौजेत हवालदार. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, निवृत्तीच्या आदल्या वर्षी, तो हिमालयात चार देशांच्या संयुक्त युद्धसरावाला गेला. जखमीला डोंगर उतरवून आणायचं, आणि उचलणारे चारही देशांचे. खांदा बदलायचा हुकूम चार भाषांतून फिरून येईपर्यंत स्ट्रेचर तीनदा जमिनीवर! शेवटी मामाने बांबू आणि घोंगडी मागवली आणि आंबेनळी घाटाच्या कुशीतल्या त्याच्या गावात आजाऱ्याला नेतात तशी डोली बांधली. गावाकडे उचललेली डोली सडकेपर्यंत टेकवत नाहीत. शिट्टी वाजली की नव्या गड्याने खांदा घालायचा, मगच जुन्याने काढायचा. सहा-सहा फुटी गोरे दुपारपर्यंत तयार झाले म्हणे.

निवृत्तीनंतर मामाला सरावाशिवाय काही पचेना. भाचीच्या लग्नाआधी त्याने रिकाम्या पत्रावळींवर पंगतीचा सराव घेतला. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नातेवाइकांना नेलं, तेही फौजेतल्यासारखं पायांच्या तपासणीला. पण त्याचा खरा पराक्रम घरच्याच डोंगरावरचा. गावची वरची वाडी आणि खालची वाडी, देवीची पालखी आधी कोणाच्या दारात यावरून नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. मामाने दोघींना परस्पर मित्रराष्ट्रं जाहीर केलं आणि दर महिन्याला डोलीचा संयुक्त सराव सुरू केला. जखमी म्हणून महाडहून मला बोलावणं येई, कारण माझं वजन चार देशांच्या तोडीचं. औद्योगिक वसाहतीतली पाळी संपवून आलेले गडी कुरकुरत, त्या लोकांशी आम्ही बोलणार नाय. मामा म्हणे, "बोलू नका ना. तिकडं तरी कोण कोणाशी बोलत व्हता? शिट्टी ऐका."

एका श्रावणातल्या सकाळी मामाच्याच छातीत कळ आली. जीप खाली सडकेवर, मध्ये तासाभराची निसरडी उतरण. दोन्ही वाड्यांचे गडी न बोलता जमले, डोली उचलली गेली. मी शेजारून चालत होतो. मामा डोलीतूनही पावलं चुकणाऱ्यांकडे डोळे वटारत होता. अर्ध्या वाटेत खालच्या वाडीच्या धर्मा नावाच्या गड्याचे पाय लटपटू लागले. मामाने शिट्टी ओठांना लावली, तर नुसती हवा. मी ती घ्यायला गेलो, पण त्याने मुठीत आवळून धरली. मागे वरच्या वाडीचा सखाराम खांदा घालायला तयार, पण शिट्टीची वाट बघत. डोली टेकवायची नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही.

महाडच्या डॉक्टरांनी मामाला वाचवलं. पुढे सहा वर्षं तो जगला, आणि त्या दिवशी शिट्टीशिवाय खांदा बदलला ही तक्रार त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. मात्र ती करताना त्याची छाती फुगलेली असे. आता त्या उतरणीवरून जाताना मला ऐकू येतं ते मान न वळवता, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, धर्माच्या तोंडून निसटलेलं वाक्य:

"सखा, खांदा घाल रे. म्हातारा आपला हाय."