पुण्याचे लोक स्थळ पाहायला आले

पुण्याच्या आत्याचा निरोप आला तो गावातल्या एकमेव फोनवर, म्हणजे किराणा दुकानात. दुकानदारानं तो गल्लीभर ऐकू जाईल असा पोचवला. "रविवारी पुण्याचे लोक स्थळ पाहाले येऊन राह्यले. पोरगाही संगं हाय."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी चोवीस वर्षांची, पाहुण्यांसाठी बावीस. आजवर सहा जण पोहे खाऊन, 'कळवतो' म्हणून गेले होते. सातव्यासाठी घर पुन्हा कंबर कसून उभं राहिलं. धाम नदीकाठी, गावाबाहेर, जुन्या गढीचं टेकाड आहे. तिथून मी पाट्या भरून पांढरी माती आणली आणि बैठकीच्या भिंती पोतारल्या. आईनं स्वतःची जरीची साडी मला नेसवली.

पाहुणे सेवाग्राम स्टेशनवरून जीप करून आले. निवृत्त शिक्षक आणि त्यांचा मुलगा. मुलगा दिसायला बरा होता. मला आवडला, उगाच खोटं कशाला बोलू?

"एवढं चांगलं स्थळ, आणि कोणी बघायला येत नाही?" गुरुजींनी पोहे खाता खाता विचारलं.

"येतात जी," बाबा म्हणाले. "पाहून जातात. कळवतो म्हनतात, अन् कळवत नाईत."

"सरकारी माणसं अशीच."

सहांपैकी एक तलाठी होता. बाबांना गुरुजींचं भारी कौतुक वाटलं.

"आता गढीकडे जाऊ या. हिलाच पाठवा दाखवायला. आम्ही तिकडूनच पुढे हिंगणीला निघू," गुरुजी म्हणाले. बाबांनी मला आत बोलावलं. "पुण्याची पद्धत असते तशी. पोराशी बोलजो, लाजू नको."

गढीवर गुरुजींना मातीसाठी पाडलेले खड्डे दिसले.

"ही माती कोण नेतं?"

"आम्हीच. भिंतीले लावतो."

"अहो, राजवाडा असेल इथे! तुम्ही राजवाडा पाट्यांतून घरी नेताय!"

ते वहीत काहीतरी लिहू लागले. स्वयंपाक येतो का, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. हेही स्थळ गेलं, आणि तेही मातीपायी, असं मी धरून चालले.

पुढे महादेवाच्या देवळाखालच्या घाटावर आम्ही बसलो. गुरुजी नदीकाठच्या विटा उलट्यापालट्या करत होते. मुलगा हसून म्हणाला, "बाबांना असली स्थळं बघायचा नाद आहे. तुमच्या आत्यांनी या गढीचं सांगितलं, आणि निघालेच. माझी बायको तर म्हणते, पुढच्या सुट्टीत मी माहेरी जाते, तुम्ही विटा मोजा."

बायको. मला आधी हसू आलं, मग रडू. दोन्ही दाबून मी त्यांना जीपपर्यंत पोचवलं.

घरी आई साखरेची वाटी घेऊन दारात उभी होती. दुकानदार सहज म्हणून आमच्या ओट्यावर येऊन बसला होता. खरं सांगितलं असतं तर गावानं बाबांना जन्मभर सोडलं नसतं.

"मले पोरगा पसंत नाई," मी म्हणाले.

बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग पुण्याहून कार्ड आलं. बाबांनी ते मोठ्यानं वाचलं. "स्थळ फारच आवडले. आजवर कोणाच्या नजरेत कसे भरले नाही, याचे नवल वाटते. जपावे."

त्यांनी ते तीनदा वाचलं. "पाह्य, त्याहीले पसंत होती तू," ते म्हणाले. "माह्या पोरीत कायी कमी नोती."

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांचे डोळे भरून आले होते. मी चुलीकडे वळले. बाबांनी चपला घातल्या आणि सगळ्यांना कार्ड वाचून दाखवायला ते दुकानाकडे निघाले.