पेनड्राइव्हवरची ढोलकी

आमच्या गायन पार्टीत माणसं तीनच. माझा आतेभाऊ गायचा, मी कीबोर्डवर, आणि ढोलकीला चांदवडहून आलेला माझा मित्र. तो आणि मी सातपूरला एकाच कारखान्यात कामाला. जयंतीच्या गाण्यांचा पहिला पेनड्राइव्ह काढायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त उड्या त्यानंच मारल्या. बायकोला सांगून बसला होता, आता माझी ढोलकी घरोघरी वाजणार.

स्टुडिओ म्हणजे एका फ्लॅटची बेडरूम, भिंतींना फोम चिकटवलेला. रेकॉर्डिंगवाल्यानं मित्राच्या कानांना हेडफोन लावला आणि आत टिकटिक सुरू केली. म्हणे, ह्या ठोक्यावरच वाजवायचं. आमच्यात गाणं रंगलं की ढोलकी पुढे धावते आणि गाणारा तिच्या मागे जातो. लोक उठून नाचतात ते त्याच्यावरच. घड्याळावर कोण नाचतं? बिचारा तीन तास घाम गाळत बसला. दर वेळी टिकटिक मागे राहायची. शेवटी रेकॉर्डिंगवाला मला म्हणाला, "तुमच्या कीबोर्डमध्ये ढोलकी आहे की. ती लावा आणि मोकळे व्हा."

मी मित्राकडे पाहिलं. तो म्हणाला, "लाव भावा. गाणं लय भारी झालं पायजे." मी नाही म्हणायला हवं होतं. मी बटण दाबलं.

आतेभावाला स्टेजची खोड. कडवं संपलं की ढोलकीवाल्याला हाक मारायची, "वाजव रे वाघा!" इथंही सवयीनं मारली. वाघ कोपऱ्यात स्टुलावर बसलेला, ढोलकी गवसणीत. वाजला तो माझा कीबोर्ड. हाक काढायची तर गाणं परत गावं लागणार, म्हणून आम्ही ती राहू दिली.

जयंतीला स्टॉल लावला. पाकिटावर तिघांचा फोटो, मधोमध तो, ढोलकी घेऊन. लोक थांबून ऐकायचे, "काय हात आहे दादा तुमचा!" म्हणायचे. तो हात जोडायचा. दिवसभर जोडत राहिला. स्टॉल आवरताना मला म्हणाला, "घरी नको सांगू. तिला वाटतंय मीच हाय." त्यानंतर त्यानं ढोलकी हातात धरली नाही. कधी सेकंड शिफ्ट, कधी मनगट दुखतंय. खरं कारण मला ठाऊक होतं. तरी मी तोंड उघडलं नाही, कारण मला माझीच लाज वाटत होती.

मागच्या वर्षी कामावरून घरी येताना त्याला टेम्पोनं उडवलं, जागीच गेला. त्याच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमलो, वंदना झाली, चार लोक त्याच्याबद्दल बोलले. मग त्याची बायको उठली, स्पीकरपाशी आली आणि तोच पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला.

"भाऊजी, यांची ढोलकी लावा. सगळ्यांना ऐकू दे."

आतेभावानं मान खाली घातली. मी पेनड्राइव्ह लावला. कडवं संपलं, हाक आली, "वाजव रे वाघा!" आणि माझा कीबोर्ड वाजायला लागला, एकही ठोका न चुकता. ती डोळे मिटून ऐकत होती. शेजारी बसलेल्या लेकीचा हात धरून म्हणाली, "ऐक, हा तुझ्या पप्पांचा हात."