शून्य धरलेली जागा

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर केसाहून कितीतरी बारीक तार दिसत होती. विद्युतदाब वाढवला की तिच्या टोकातून इलेक्ट्रॉन सुटतात. त्या वेळी तारेवर कुठे किती भार साचतो, ते आम्ही मोजत होतो. त्यासाठी सूक्ष्मदर्शकानं सोडलेली, तारेजवळून गेलेली इलेक्ट्रॉनची लाट शेजारच्या मोकळ्या जागेतून गेलेल्या लाटेशी ताडून बघायची.

"सर, ही मोकळी बाजू शून्य धरू?" माझी विद्यार्थिनी सायली म्हणाली.

"नको गं. रिकामी दिसते, पण तारेवरच्या भाराचा ताण तिथवर पोचलेला असतो. ती शून्य धरलीस तर भार कमी भरेल."

बोलून गेलो आणि आमचं घर आठवलं. माझे वडील पाहुण्यांसमोरही ताट भिरकावायचे. आई खाली बसून मुकाट्यानं भात गोळा करायची. पाहुणे म्हणायचे, "वहिनी बघा किती शांत! म्हणजे भाऊंचा राग काही एवढा मोठा नाही." तिच्या शांतपणाची सगळ्यांना केवढी सोय होती! तिच्या चेहऱ्यावरून वडिलांचा राग मोजला जायचा, आणि दरवेळी तो कमीच भरायचा.

"मग शून्य कुठे घेऊ?" सायलीनं विचारलं.

"लांब. तारेचा ताण पोचणार नाही इतकं लांब."

आईला तेवढं लांब जायला जागाच नव्हती.