तळातलं जाळं

खंडेराव चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर. दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी ज्ञानेश्वरी बिडकीनजवळच्या तलावात पोहायला गेली. तळाशी कुणीतरी टाकून दिलेल्या जाळ्यात तिचा पाय अडकला आणि ती बुडाली. मग शेहेचाळिसाव्या वर्षी खंडेराव पाण्याखाली उतरायला शिकले. दर रविवारी तलाव साफ करणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर पाठीवर सिलिंडर बांधून ते तळाशी जात.

काल त्यांनी एक जाळं कापून वर आणलं. त्यात जिवंत कासव होतं. काठावर बसलेल्या त्यांच्या बायकोनं, सुगंधाबाईंनी, ते मोकळं केलं.

“वाचलं बघा,” त्या म्हणाल्या.

“व्हय. पोरीला पवायला मीच शिकवलं. तवाच हे काढायला पायजे होतं.”

दोघं तिथंच रडत बसले.