चीर कुठे द्यायची

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. माझी भाची अकोल्यात, जुन्या शहरात राहते, शाळेत शिकवते. तिच्या डाव्या पायाला हत्तीरोग आहे. दुकानातला बूट त्या पायात जात नाही, आणि वर्गात तर दिवसभर उभं राहायचं असतं.

मी अमरावतीला घरी बसून गोलाईच्या वस्तूंचा पृष्ठभाग संगणकावर सपाट उलगडतो, म्हणजे गाडीच्या सीटचं कव्हर नीट कापता येतं. संत्र्याचं साल टेबलावर दाबलं तर फाटतं. तसं होऊ नये म्हणून चीर कुठे द्यायची ते आधी ठरवावं लागतं. वर्षानुवर्षं हेच करून कंटाळलो आहे. तरी भाचीच्या बुटाचं काम मी स्वतःहून घेतलं.

अकोल्याला जाऊन, पायाला हात न लावता लांबूनच मोबाइल फिरवून फोटो काढले. प्रोग्रामने सगळ्यात जास्त वळण होतं तिथे चीर दाखवली. चामड्यावर ताण येईल तिथे पडदा लाल होतो; तो लाल रंग जवळजवळ नव्हता. तसंच चामडं कापून बूट शिवून घेतला.

आठवड्याभरात फोन आला. "मामा, बूट चांगला दिसते, पण घोट्यापाशी सोलून निघालं."

पुन्हा अकोल्याला गेलो. घोट्यापुढे कातडीची घडी होती आणि चिरेच्या जागची शिवण नेमकी तिच्यात बसत होती. सवयीने वाकून तिच्या उजव्या पायाला हात लावला.

"डाव्याचा काई गुन्हा हाये का, मामा?"

"अगं, दुखेल म्हणून..."

"आज दुखून राहिला. तुमी तं कईपासूनच एकाच पायाच्या पाया पडता. मी काई आंधळी नाई."

हात लावल्याने हा रोग होत नाही, हे मला माहीत होतं. तरी हात जात नव्हता. फोटो काढतानाच गेला असता तर ती घडी बोटांना लागली असती.

खाली बसलो. डावा पाय मांडीवर घेतला. जड होता. अंगठ्याने हळूहळू चाचपत गेलो.

"इथे?"

"नाई."

"इथे?"

"आई गं! मामा हाये का वैरी?"

बाहेरच्या कडेला कातडी जाड होती. दाबलेलं तिला कळलंही नाही. तिथे पेनाने रेघ ओढली.

घरी येऊन ती रेघ प्रोग्रामला दिली तर पडदा लाल झाला. आकार वेडावाकडा आला, दोन चुण्या जास्तीच्या घ्याव्या लागल्या. तसाच शिवून घेतला.

बूट नेऊन दिला, तेव्हा तिने घातला नाही. "आधी जखम भरू द्या," एवढंच म्हणाली. अजून ती चपलेवरच शाळेत जाते, असं बहिणीकडून कळतं. का, ते तिला फोन करून विचारायला मन धजत नाही.